बाबांच्या बायपासआधी

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, रागावू नका. 16 तारीख मी तुम्हाला न विचारता पक्की केली. आंबा उतरेपर्यंत थांबू म्हणालात, पण हृदयाच्या डाव्या मुख्य नळीत अडथळा असताना दोन महिने काढणं धोक्याचं आहे. बागेकडे काका बघतील, मी बोलले.

रक्त थांबवायचं औषध देणार, मग नवी जोडलेली नळीच तुंबेल, ही तुमची भीती मला कळते. ट्रानेक्झामिक ॲसिड नवी गुठळी करत नाही, झालेली विरघळू देत नाही. जांभ्याच्या पायरीवर गुडघा फुटला की तुम्ही फडकं दाबून धरायचात, मग आठवडाभर सांगायचात, "खपली काढू नको हां, बाय." तेच काम. ऑपरेशनवेळी हृदय-फुप्फुसांचं काम हार्ट-लंग मशीन करतं, त्यातून फिरताना रक्तातलं प्लास्मिन वाढतं आणि खपल्या विरघळवतं. हे औषध ते होऊ देत नाही. 2017 साली छापून आलेल्या मोठ्या चाचणीत साडेचार हजारांवर रुग्ण होते. रक्तस्रावासाठी छाती पुन्हा उघडावी लागणं निम्म्यावर आलं, हार्ट अटॅक वाढले नाहीत. फिट मात्र काहींना आली. तिथे डोस भारी होता.

तुमचं वजन 60 किलो. किलोला 10 मिलिग्रॅम धरून सुरुवातीला 600, मग तासाला 120, असा हलका डोस धरलाय. हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनीची रक्ततपासणी, क्रिएटिनिन, बघून भूलतज्ज्ञ तो आणखी कमीही करतील.

आई, आयसीयूत छातीखालच्या नळ्यांतून बाटलीत लाल पाणी येताना दिसेल. घाबरू नकोस, ते यायलाच हवं. हळूहळू फिकं आणि कमी होतं. तासाला 200 मिलीच्या वर येतच राहिलं तर डॉक्टर लगेच बघतात. रात्री तिथे माणूस असतंच, तू माझ्याकडे झोपायचंस. पंख्याखालची खाट तुझी. बाबांना खायला परवानगी मिळाली की उकड्या तांदळाची पेज मीच घेऊन जाईन.

आता ऐका. रक्त पातळ ठेवणाऱ्या क्लोपिडोग्रेलची शेवटची गोळी 10 ला रात्री, 11 पासून बंद. ॲस्पिरिन चालूच, स्वतःहून सोडायची नाही. लसणाच्या कॅप्सूल आणि वैद्यांचं चूर्ण आजपासून बंद. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपरिन देतात, ते उतरवायला प्रोटामिन देतात, ते सामन माशापासून काढतात. बांगडा खाऊन कधी अंगावर पित्त उठलं असेल तर लपवू नका, भूलतज्ज्ञांना सांगा. कधी फिट आली असेल तर तेही.

आई, 10 ला रात्री गोळी झाली की पाकीट तुझ्या डब्यात ठेव आणि मला फोन कर.

तुमची,
बाय