टॉवेल धरून उभ्या राहिलेल्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र फक्त तुम्हाला न पाठवता उघडं लिहितोय. जो प्रश्न घेऊन मी तुमच्याकडे आलो होतो, तोच प्रश्न आगीची पोई, म्हणजे साखळीच्या टोकाला बांधलेली पेटती वात, फिरवायला लागलेला प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो: वात जास्त वेळ कशी जळेल? तुम्ही मला त्याचं उत्तर तोंडी दिलं नाहीत. वजनकाटा काढलात. पहिले आभार त्या काट्याबद्दल.

माझ्या वाती तेव्हा जेमतेम दोन मिनिटं टिकायच्या. हात नुकता लयीत यायचा आणि ज्योत मंदावायची. दोष इंधनाचाच आहे अशी माझी पक्की समजूत होती. कुठलंतरी एक तेल असणार जे पाच-सहा मिनिटं चालतं, आणि ते मला सापडत नाहीये. तुम्ही कोरडी वात काट्यावर ठेवलीत. ९६ ग्रॅम. मग म्हणालात, रोज भिजवतोस तशी भिजव. मी दहा सेकंद बुडवली, काढली, झटकली. ११४ ग्रॅम. तुम्ही काही बोलला नाहीत. तीच वात काचेच्या बरणीत रॉकेलमध्ये सोडलीत, वर झाकण लावलंत आणि बसून राहिलात.

बरणीतलं ते दृश्य मी विसरणार नाही. वातीच्या विणीतून बुडबुड्यांची बारीक माळ वर येत होती. एक माळ संपली असं वाटायचं, तेवढ्यात दुसऱ्या पदरातून नवी सुरू व्हायची. आत अडकलेली हवा बाहेर पडत होती आणि तिची जागा तेल घेत होतं. बुडबुडे पूर्ण थांबल्यावर वात काढली, निथळू दिली, जादा तेल झटकून टाकलं आणि पुन्हा काट्यावर ठेवली. १३७ ग्रॅम. आधी पोटात १८ ग्रॅम तेल होतं, आता ४१. तेल तेच, वात तीच.

तरीही मला पटत नव्हतं, म्हणून तुम्ही माझी एक जुनी, काठ झिजलेली वात माझ्या पद्धतीने भिजवलीत आणि सुरीने मधोमध कापलीत. बाहेरचे दोन पदर काळे, चुरा होणारे. त्याच्या आतला पदर ओला. आणि गाभा चक्क पिवळा, वात ज्या केव्हलर धाग्याची विणलेली असते त्याच्या मूळ रंगाचा, बोटाला कोरडा. इतके महिने मी फक्त साल भिजवत होतो आणि साल जाळत होतो.

मग वातीच्या आकाराकडे वळलात. तेल साठतं ते वातीच्या घनफळात आणि वाफ होऊन जातं ते पृष्ठभागावरून, हे तुमचं वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलंय. गोल वातीचा व्यास दुप्पट केला तर पृष्ठभाग चौपट होतो, पण घनफळ आठपट. म्हणजे जळण्याचा वेळ साधारण दुप्पट. मी लगेच मोठ्या वातींची भाषा करायला लागलो, तेव्हा तुम्ही थांबवलंत: वजनही आठपट होईल, ते मनगटाला पेलेल का, आणि चुकून अंगावर आली तर? म्हणून आपण आकार वाढवला नाही, वीण बदलली. माझ्या वाती म्हणजे पट्टीची सैल गुंडाळी होती, कडा सगळ्या उघड्या. तुम्ही घट्ट ओढलेली मंकी फिस्टची, मुठीसारखा गोळा होणारी, गाठ शिकवलीत. गोळा तेवढाच, पण हवा फक्त बाहेरून लागते, आणि आतलं तेल धाग्यांमधून हळूहळू वर ओढलं जातं, समईच्या वातीत ओढलं जातं तसंच. ती गाठ घट्ट करताना माझी बोटं सोलून निघाली होती. तुम्ही तीनदा उसवायला लावलीत, आणि तिन्ही वेळा तुमचं बरोबर होतं.

इंधनाबद्दलचे आभार वेगळे मानायला हवेत, कारण तिथे तुम्ही मला नुसतं शिकवलं नाहीत, वाचवलंत.

त्या संध्याकाळी मी कॅम्पिंग स्टोव्हचा व्हाइट गॅस (नाव गॅस, पण असतो द्रव) आणि रॉकेल एकत्र करून आणलं होतं. हिशोब सोपा वाटला होता: एकाचा झगमगाट, दुसऱ्याचा टिकाऊपणा. आणि मिश्रण म्हणजे निम्मा धोका. तुम्ही डब्याचं झाकण उघडून वास घेतलात, लगेच झाकण लावलंत आणि डबा लांब नेऊन ठेवलात. मग शांतपणे समजावलंत. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते तो अंश. रॉकेलचा साधारण ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून वर, शुद्ध लॅम्प ऑइलचा, म्हणजे दिव्यात जाळायच्या तेलाचा, त्याहूनही बराच वर. व्हाइट गॅसचा शून्याच्या खाली. दोन्ही मिसळल्यावर सरासरी निघत नाही. हलकं इंधन आधी वाफ होतं, म्हणून मिश्रण व्हाइट गॅससारखंच भडकतं. मी ते मिश्रण रॉकेल समजून हाताळत होतो. पेटती पोई फिरत असताना उघडा डबा चार पावलांवर ठेवला होता. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

वजनामागे ऊर्जा दोघांत जवळपास सारखीच असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. व्हाइट गॅस हलका, लवकर उडून जाणारा, म्हणून एकदम पेटतो, लख्ख दिसतो, धूर कमी करतो आणि लवकर संपतो. रॉकेल आणि लॅम्प ऑइल जड, उकळायला दीडशे अंशांच्या वर जावं लागतं, म्हणून पेटायला वेळ घेतात, काजळी धरतात, पण सावकाश जातात. त्यात व्हाइट गॅसपेक्षा रॉकेलची घनता जास्त असल्याने तेवढ्याच वातीत वजनाने तेल थोडं अधिक मावतं. स्पिरिटमध्ये वजनामागची ऊर्जाच कमी, त्यामुळे त्याचा प्रश्नच नव्हता. पेट्रोलचं नाव काढल्यावर तुम्ही ज्या नजरेने पाहिलंत त्यानंतर मी ते पुन्हा काढलं नाही. त्याच्या वाफा तर भडकतातच, वर बेंझीन श्वासात जातं.

मी लॅम्प ऑइलवर आलो. पेटवताना वात ज्योतीवर खालून पंधरा-वीस सेकंद धीराने धरावी लागते. आधी मला तो वेळ वाया वाटायचा. आता त्या सेकंदांत मी श्वास सावरतो, मोकळी जागा पाहून घेतो, मग उठतो.

जादा तेल काढण्याबद्दल मी तुमच्याशी वाद घातला होता. झटकून तेल घालवायचं म्हणजे वेळच घालवायचा नाही का, असं माझं म्हणणं. तुम्ही जमिनीवर पांढरं कापड पसरलंत आणि न झटकलेली वात न पेटवता त्यावर एकदाच फिरवायला सांगितलीत. कापडावर टिपक्यांचा अर्धगोल उमटला, काही टिपके दोन हात लांब. ‘हे पेटलेले असते,’ एवढंच म्हणालात. तेव्हापासून प्रत्येक वात कापलेल्या बाटलीत धरून आधी न पेटवता फिरवतो. गळणारं तेल कुणाच्या तरी अंगावर जाणार, ते जळण्याच्या वेळात धरायचंच नाही, हे मला त्या कापडाने पटवलं.

(पोई हा माओरी शब्द, अर्थ चेंडू. न्यूझीलंडच्या माओरींच्या पोईत आग नसते, ती पुढे इतरांनी जोडली. हेही तुमच्याकडूनच कळलं, आणि ते कळल्यावर हातातल्या वस्तूकडे बघण्याची माझी तऱ्हा बदलली.)

सगळ्यात जास्त मी ऋणी आहे ते तुमच्या ‘खाली घे’ या दोन शब्दांचा. नव्या वातींच्या पहिल्या दिवशी साडेतीन मिनिटांना तुम्ही ते म्हणालात तेव्हा ज्योत अजून चांगली हातभर होती. मला राग आला. एवढे कष्ट करून वेळ वाढवला, आणि तुम्ही शेवटचा अर्धा मिनिट काढून घेताय! तुम्ही वात टॉवेलात गुंडाळलीत, हवा कोंडली, विझल्यावर ती माझ्यासमोर धरलीत. तेल असेपर्यंत वात स्वतः जळत नाही, ते उकळत राहतं आणि धाग्याला थंड ठेवतं. रॉकेल तीनशे अंशांच्या आत उकळून जातं; केव्हलर हवेत ४३० ते ४८० अंशांच्या सुमाराला तुटायला लागतं. तेल संपलं की मधली ती ढाल गेली. मग ज्योत वातीचाच घास घेते. माझ्या जुन्या वातींचे झडलेले काठ, दर आठवड्याला कमी होणारा वेळ, सगळं त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटांत घडलं होतं. मी वेळ वाढवायला जात होतो आणि पुढच्या प्रत्येक खेळाचा वेळ कापत होतो.

खुणाही तुम्हीच शिकवल्यात. आधी आवाज पातळ होतो, फेरीतला तो भरदार फुत्कार जातो. मग ज्योत वातीला चिकटते. आणि विणीच्या काठावर लाल किनार दिसली तर उशीर झाला. हल्ली मी आवाजावरच थांबतो. फेऱ्याही संथ घेतो, कारण वेगात वारा लागून तेल लवकर जातं हे आता मोजून पाहिलंय.

केव्हलरचा धागा स्टेफनी क्वोलेक यांना १९६५ साली सापडला, टायरसाठी हलका पण मजबूत धागा शोधताना. तुम्ही हे सांगितलंत तेव्हा वात हातात जपून धरली होतीत. मला वाटतं तुम्ही सगळ्याच वस्तू तशा धरता.

माझा वेळ आता तीन मिनिटं पन्नास सेकंदांवर आहे, आणि मी तीन मिनिटं वीस सेकंदांना खाली घेतो. तुम्ही बांधायला लावलेली जोडी अजून चालू आहे. परवा त्यातली एक वात कोरडी तोलली, ९४ ग्रॅम भरली. गरम वात तेलात पुन्हा कधी बुडवली नाही, हाताला गार लागेपर्यंत थांबतो. कपडे सुतीच.

त्या सगळ्या संध्याकाळी तुम्ही स्वतः एकदाही पोई फिरवली नाहीत. भिजवून घट्ट पिळलेला सुती टॉवेल दोन्ही हातांत ताणून, माझ्या ज्योतीवर नजर लावून उभ्या राहिलात. इतरांच्या नजरा माझ्या हातांकडे असायच्या, तुमची वातीकडे. मागच्या आठवड्यात एका नवशिक्या मुलीसाठी मी तसा उभा राहिलो. साडेतीन मिनिटं पाय हलवता येत नाहीत आणि डोळा लवू द्यायचा नसतो, हे मला उभं राहिल्यावर कळलं. तिची ज्योत चांगली उंच होती तेव्हा मी ‘खाली घे’ म्हणालो. तिने माझ्याकडे अगदी तशाच रागाने पाहिलं.

तुमचा तो टॉवेल माझ्याकडेच राहिलाय. मधोमध वातीचा काळा गोल ठसा आहे, कितीही धुतला तरी जात नाही. रविवारी आणून देतो. त्या दिवशी पोई तुम्ही फिरवा. टॉवेल मी धरतो.

तुमचा,
रविवारचा विद्यार्थी