बुलाकच्या पलीकडे

कराड

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. बाबांचे गुडघे धरलेत, पण ते तुला कळवायचं नाही असा हुकूम आहे, म्हणून आधी तेच लिहिते.

तू परीक्षेत अडकलेली असताना आम्ही दोघं दिवसभर काय करत होतो, असं तू विचारलंस. फोनवर बाबा मध्येमध्ये बोलतात आणि माझं सांगणं राहून जातं, म्हणून हे पत्र. तू दिलेली यादी, म्हणजे कझानचा कोट क्रेमलिन, कुल शरीफ मशीद, बाउमन रस्ता आणि तो मॉल, लगेचच उरकली. उरलेले दिवस आम्ही जुन्या तातार वस्तीत, म्हणजे तिथल्या मूळच्या मुसलमान लोकांच्या मोहल्ल्यात काढले. तू इतकी वर्षं कझानमध्ये राहून तिकडे एकदाही फिरकली नाहीस हे ऐकून मी कपाळावर हात मारला. होस्टेल, कॉलेज, मेस, पुन्हा होस्टेल. बाई गं, एवढ्यासाठी व्होल्गाकाठी जायची काय गरज होती?

जायला अगदी सोपं आहे. मेट्रोने तुकाय चौकात उतरायचं, कबान तळ्याच्या दिशेने चालायचं आणि बुलाक नावाचा कालवा ओलांडायचा. कुणाला विचारायचं झालं तर 'स्तारो-तातारस्काया स्लोबोदा' म्हण, तुझं रशियन आमच्यापेक्षा बरं आहे. कालव्याच्या पलीकडची हवाच वेगळी. मोठ्या इमारती मागे राहतात आणि एकमजली-दुमजली लाकडी घरं सुरू होतात, हिरवी, पिवळी, निळी. खिडक्यांच्या चौकटी अशा कोरलेल्या की बाबा एकेका खिडकीपाशी उभे राहून सुताराच्या नजरेने सांधे तपासत होते. एका घराची चौकट रंग उडून राखाडी पडली होती. तिच्यावर बोट फिरवलं तर पटाशीचा प्रत्येक घाव हाताला लागत होता. शेजारच्या नव्याने रंगवलेल्या घरावर तेच नक्षीकाम रंगाच्या जाड थराखाली गुळगुळीत झालेलं. मला राखाडीच आवडली.

आता ही वस्ती तिथे का, ते ऐक. 1552 मध्ये झार इव्हानने कझान जिंकलं. तोवर ती तातारांच्या खानांची राजधानी होती. (चौलला उतरून जुन्नरात पावसाळा काढलेला तो रशियन व्यापारी अफानासी निकितिन आठवतो ना? तो त्वेरहून व्होल्गेने खाली निघाला, तेव्हा वाटेत लागलेलं कझान खानांचंच होतं.) इव्हानने तातारांना शहराबाहेर घातलं. कोटाच्या आत राहायला बंदी, म्हणून ही माणसं बुलाकच्या पलीकडे, तळ्याच्या काठाने वसली. स्वतःच्याच राजधानीत ती वेशीबाहेरची झाली, आणि पुढे दोनशे वर्षं दगडी मशीद बांधायची सोय नव्हती. उलट 1740 च्या दशकात कझान जिल्ह्यातल्या 536 मशिदींपैकी 418 पाडल्या गेल्या.

मग 1767 मध्ये राणी कॅथरीन कझानला आली. इथूनच तिने फ्रेंच लेखक व्होल्तेअरला लिहिलं की मी आता आशियात आहे. या शहरात एकमेकांशी न जुळणारे वीसेक लोकसमूह आहेत आणि त्या सगळ्यांना बसेल असा एकच अंगरखा शिवायचाय, असंही तिने लिहिलं. तिच्याच परवानगीने तळ्याकाठी मर्जानी मशीद उभी राहिली, 1766 ते 1770 या काळात. इव्हाननंतरची कझानमधली ही पहिली दगडी मशीद. आपल्या डोळ्यांना ती मशीद वाटतच नाही. भिंतींवरचं नक्षीकाम त्या काळच्या रशियन वाड्यांसारखं, आणि मिनार छपराच्या मधोमध उगवलेला. नमाजाची जागा वरच्या मजल्यावर. या मिनाराची एक आख्यायिका सांगतात. अधिकाऱ्यांनी राणीकडे तक्रार केली की हे लोक फार उंच बांधतायत. ती म्हणाली, जमिनीवरची जागा मी नेमून दिली, आकाश काही माझ्या मालकीचं नाही. खरं-खोटं देव जाणे, पण तळ्याच्या पलीकडून पाहिलं की गोष्ट पटते. सोव्हिएत काळात कझानमध्ये हीच एक मशीद चालू राहिली. थोड्या अंतरावरच्या अपानायेव मशिदीचा मात्र मिनार पाडला आणि आत बालवाडी भरवत. तो मिनार आता पुन्हा बांधलाय.

मर्जानी हे इथल्या इमामांचं नाव, शिहाबुद्दीन मर्जानी. 1850 पासून ते या मशिदीत होते. धर्मशास्त्राबरोबर इतिहास लिहिणारे, नव्या विद्या शिका म्हणणारे. पण मला जास्त भावले ते अपानायेव मशिदीजवळच्या घरातले कयूम नासिरी. तिथे त्यांचं छोटं संग्रहालय आहे. हा माणूस रशियनांना तातार भाषा शिकवायचा, तातारांसाठी पंचांगं, व्याकरणं, भूगोलाची पुस्तकं लिहायचा. दोन्हीकडे ऊठबस म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. स्वतःचेच लोक त्यांना 'रशियन कयूम' म्हणून हिणवायचे. आयुष्य एकट्याने काढलं.

तिथे तिकिटं फाडणाऱ्या एका आजींशी बाबांची गट्टी जमली, मोबाईलवर भाषांतर करत करत. त्यांच्याकडे त्यांच्या आजीची पत्रं आहेत, पण त्यांना ती वाचता येत नाहीत. तातार भाषा आधी अरबी लिपीत लिहायचे. 1920 च्या दशकाच्या शेवटी ती रोमन केली, आणि 1939 मध्ये रशियन लिपीत आणली. बारा-तेरा वर्षांत दोन लिप्या गेल्या. भाषा घरात तीच आणि आजीचं पत्र मुकं. बाबा एकदम गप्प झाले. आपल्या माळ्यावरची पणजोबांची मोडी दप्तरं त्यांच्या डोळ्यांपुढे आली असणार. त्यांनी आजींना फोनवर ती दप्तरं दाखवली, फोटो होतेच. आजींनी चष्मा लावून पाहिलं आणि मान हलवली. आल्या दिवशी बाबांनी मोडीच्या वर्गाला नाव घातलंय.

शमीलचं घर चुकवू नकोस. बुरुजाबिरुजांचं आहे, लांबून किल्ल्यासारखं दिसतं. इमाम शमील कॉकेशसच्या डोंगरात झारच्या फौजेशी वर्षानुवर्षं लढला, 1859 मध्ये शरण गेला. आणि त्याचाच मुलगा महंमद शफी झारच्या सैन्यात जनरल झाला, कझानच्या व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न केलं, तेव्हा हे घर मिळालं. बाप-लेकांचं पुढे कसं जमलं असेल, यावर बाबांनी आणि मी वाद घातला. तो इथे लिहीत नाही.

त्या घरात आता कवी गब्दुल्ला तुकाय यांचं संग्रहालय आहे, ज्यांच्या नावाच्या चौकात तू मेट्रो पकडायला रोज धावतेस. लहानपणीच आई-वडील गेले. घरी खायची भ्रांत, म्हणून आजोबांनी या पोराला कझानला निघालेल्या गाडीवानाबरोबर पाठवून दिलं. गाडीवान वस्तीच्या कडेला भरणाऱ्या गवतबाजारात ओरडत हिंडला, पोर सांभाळायला द्यायचंय, कुणी घेतं का? एका निपुत्रिक जोडप्याने घेतलं. पुढे ते आजारी पडले आणि पोर परत पाठवलं. तुकायनीच हे आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. क्षयाने गेले तेव्हा अवघे 26 वर्षांचे, 1913 साली. तातार पोरं आजही त्यांची मातृभाषेवरची कविता तोंडपाठ म्हणतात. मी त्या दालनात फार वेळ थांबले नाही. तुला विमानतळावर सोडताना मी जे काही केलं होतं ते आठवून उगीच गळा भरून आला.

सगळंच गोड नाही हं तिथे. शहराला हजार वर्षं झाल्याचा सोहळा 2005 मध्ये झाला. त्याआधी मोडकळीला आलेली घरं हटवायच्या मोहिमेत कितीतरी लाकडी घरं गेली. उरली त्यातली काही हॉटेलं झाली, काही नुसती फोटोसाठी रंगवलेली. मुख्य रस्त्यामागे दोन गल्ल्या सोडून जा, तिथे कलती भिंत टेकू देऊन उभी केलेली दिसेल. खिडकीत जेरेनियमची कुंडी, म्हणजे कुणी राहतंय. मला वस्ती खरी तिथे भेटली.

खायचं म्हणशील तर चकचक घेच. तळलेल्या कणकेचे तुकडे मधाच्या पाकात बांधलेले, थेट आपल्या शेवेच्या लाडवांचा भाऊ. चहा मात्र तिथे दूध घालूनच मागायचा, तातारांची तीच रीत आहे. तुझ्या बाबांना तिथे पहिल्यांदा मनासारखा चहा मिळाला. एचपोचमाक नावाचे तिकोनी पाव मिळतात, आत मांस आणि बटाटा असतो, तेव्हा श्रावणात विचारून घे.

शेवटचा पेपर झाला की त्या रविवारी जा. पहाटे तीनला उजाडतं म्हणून लवकर निघायची घाई करू नकोस, संग्रहालयं दहाच्या आत उघडत नाहीत. मैत्रिणींना घेऊन जा, पण सगळ्या मोबाईलमध्ये डोकं घालून बसणाऱ्या नकोत. त्या आजी भेटल्या तर सांग, कराडचे गृहस्थ मोडी शिकतायत. आणि थर्मल घेतलेस का, ते लगेच कळव. गेल्या हिवाळ्यातलं फाटकं वापरलंस तर बघ.

तुझी,
आई