डेकच्या पोटात काय भरायचं?

ऑकलंड, जुलै

ती. अण्णाकाका आणि सौ. काकूंना सा. न. वि. वि.

परवा फोनवर दुरुस्तीला घेतलेल्या होडीचा डेक (ज्यावर चालतो तो वरचा भाग) आतून भरायचा आहे म्हटलं, तर "अरे, बारा एमएमचा मरीन प्लाय टाक आणि मोकळा हो" असं म्हणालात, तेवढ्यात तुम्हाला वर्कशॉपमधून हाक आली आणि बोलणं राहिलं. उत्तर फोनवर मावणारं नव्हतंच, म्हणून हे पत्र. काकू, मधला भाग मकरपुऱ्याच्या कारखान्यांच्या भाषेत आहे, तो सोडून सरळ शेवटी गेलात तरी चालेल.

होडी शिडाची, तीसेक फुटी, ऐंशीच्या दशकातली. फायबरची म्हणतात, पण डेक सगळा फायबरचा नसतो. वर एक पातळ थर, खाली एक, आणि मधे हलकं भरण, म्हणजे कोअर. फायबरची टाकी ताठ राहावी म्हणून तुम्ही बाहेरून रिब, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, मारता, इथे तेच काम मधली जाडी करते. तेवढंच फायबर दोन थरांत विभागून एकूण जाडी दुप्पट केली की ताठपणा सुमारे सातपट होतो आणि वजन जेमतेम वाढतं. फक्त तिन्ही थर एकमेकांना घट्ट चिकटलेले हवेत. ते सुटले की डेक पायाखाली दबायला लागतो.

या होडीचा पुढचा डेक असाच दबत होता. हातोडीच्या दांड्यानं ठोकत गेलो. चांगल्या जागी टणटण, सुटलेल्या जागी भद्द. भद्द वाजेल तिथे मार्करनं रेघ ओढत गेलो, तर प्रत्येक डाग कठड्याच्या एखाद्या खांबापासून सुरू झालेला. मग सॉचं पातं फक्त वरच्या थराएवढं खाली ठेवून कापलं आणि तो थर अख्खा उचलला (तोच परत बसवता येतो). खाली बाल्सा, म्हणजे अगदी हलकं लाकूड, होतं. खांबाजवळ काळपट लगदा, मुठीत पिळला की तपकिरी पाणी. पण वीतभर पुढे, जिथे बोल्ट नाही, तिथे तोच बाल्सा फिकट पिवळा, कोरडा ठणठणीत, छिन्नीनं खरवडूनही निघेना. चाळीसेक वर्षांचं लाकूड!

म्हणून "बाल्सा कुजतो" हे मला अर्धंच पटतं. कोअरचा बाल्सा आडवा नसतो, खोड आडवं कापून केलेले ठोकळे तंतू उभे ठेवून लावतात. पाणी तंतूंच्या दिशेनं भराभर जातं, आडवं सावकाश. पण डेकचा बाक घेता यावा म्हणून त्या ठोकळ्यांमधे चिरा ठेवलेल्या असतात. इथे बांधणाऱ्यांनी त्या रेझिननं भरल्याच नव्हत्या आणि बोल्टची भोकं सरळ कोअरमधून पाडून वर नुसतं सीलंट फासलं होतं. सीलंट गेलं, पाणी चिरांतून गल्लीबोळ फिरल्यासारखं फिरलं.

आता तुमचा प्लाय. घनमीटरला पाचशे-सहाशे किलो. बाल्सा दीडशेच्या आसपास, पीव्हीसी फोम ऐंशी-शंभर. मला पाचेक चौरस मीटर भरायचं आहे. बारा एमएमचा प्लाय तीस किलोच्या वर जातो, बाल्सा नऊ किलो, फोम पाच. टाकीला तीस किलोनं काय होतंय, पण होडीत हे वजन वर, डेकवर येतं आणि शिडाची होडी तेवढी जास्त कलते. शिवाय प्लायमधे तंतू आडवेच. एक भोक गळलं की पाणी थराथरांतून लांबवर पसरतं. म्हणजे बाल्सापेक्षा वाईट!

दुकानात इन्सुलेशनचा स्वस्त फोम मिळतो, थर्माकोलच्याच जातीचा, तोही होडीच्या मालकांनी सुचवला होता. थर्माकोलवर पॉलिस्टर रेझिन पडलं की काय होतं, ते मी तुमच्याच वर्कशॉपमधे पाहिलंय. रेझिनमधलं स्टायरीन त्याला विरघळवतं. मी इपॉक्सी हे दुसरं रेझिन वापरतोय, त्यानं विरघळणार नाही हे खरं, पण रोज पायाखाली येणाऱ्या डेकला तेवढी ताकद त्या मालात नाही.

उरले दोन, बाल्सा आणि क्रॉसलिंक्ड (कडक जातीचा) पीव्हीसी फोम. दाबाला बाल्सा कितीतरी पटीनं सरस, उन्हात नरमही पडत नाही. गडद रंगाच्या डेकखाली फोम तापून मऊ होतो, वडोद्याच्या मे महिन्यात तर मी विचारही केला नसता. वजनातला फरकही दिसतो तेवढा राहत नाही, कारण बाल्सा उभ्या तंतूंतून रेझिन पितो. हिशेबानं माझं मत बाल्सालाच होतं.

आणि तरी मी फोम घेतला, तो मालक बघून. आजोबा भले आहेत, पण त्यांच्या हातात सतत ड्रिल. दर भेटीत नवी कल्पना: इथे सोलर पॅनल, तिथे मासेमारीचा गळ अडकवायला स्टँड. त्यांनी भोक पाडायचं आणि सीलंट विसरायचं हे ठरलेलं. फोममधे पाणी शिरलं तरी तो कुजत नाही, पसरतही फारसं नाही. डेक पांढराच राहणार आहे, त्यामुळे उन्हाची धास्ती नाही. घनता शंभरची घेतली. जिथे बोल्ट येणार तिथे फोम नाहीच, भरीव फायबर. आधीचा कोरडा बाल्सा मात्र हलवला नाही. चांगलं लाकूड उपटायचं कशाला? बॉसला वाटलं होतं मी एकच माल सगळीकडे सांगेन, पण त्यानं मानलं.

चिकटवताना वाळूच्या गोण्या ठेवत नाही. प्लॅस्टिकची पिशवी पसरून कडा सील करायच्या आणि पंपानं हवा ओढायची. अर्धं वातावरण खेचलं तरी चौरस मीटरला पाच टनांचा दाब, तोही सगळीकडे सारखा. फोमला भोकं पाडलेली असतात, त्यांतून इपॉक्सी वर येताना दिसलं की समजायचं, खाली हवा अडकलेली नाही. इथे आत्ता थंडी आहे, रात्री पारा दहाच्या खाली जातो, म्हणून रेझिन लवकर घट्ट करणारा फास्ट हार्डनर आणि शेडमधे हीटर. तुम्ही उन्हाळ्यात बादलीतलं रेझिन पेटू नये म्हणून पहाटे काम काढता, आमचं उलटं.

शेवटी वरचा थर परत बसवून त्याच्या सांध्याला बाराला एक उतार द्यायचा, म्हणजे तीन एमएम जाडीला छत्तीस एमएम लांब घासायचं, आणि वर बायअ‍ॅक्सियल, म्हणजे दोन दिशांच्या तंतूंचं, फायबर कापड. डाव्या बाजूचं झालंय, उजवी बाजू पुढच्या आठवड्यात.

काका, एक हवंय. जेलकोटचा (फायबरवरच्या रंगीत थराचा) जुना पिवळट पांढरा रंग मला जमत नाहीये. पांढऱ्यात पिवळं आणि थेंबभर काळं, की तपकिरी? प्रमाण व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. आणि पुण्याला आत्याकडे जाल तेव्हा तिला हे वाचून दाखवा, तिला वाटतं मी इथे होड्या फिरवतो. काकू, दांडिया बाजारातून कुणी इकडे येणार असेल तर लीला चिवडा नक्की पाठवा. शेव-उसळ पाठवता येत नाही हे माहीत आहे.

घरी सगळ्यांना नमस्कार.

तुमचा पुतण्या