कोंडिविट्याचं देऊळ झपाटलेलं नाही

संपादक महोदय,

‘मुंबईतल्या झपाटलेल्या जागा’ हा आपल्या पुरवणीतला मजकूर वाचला. त्यात अंधेरीच्या सीप्झ या निर्यात-उद्योगांच्या वसाहतीतल्या पडक्या चर्चचा फोटो होता. खाली चार ओळी, त्यातल्या तीन भुतावर! मी मरोळ गावठाणातली ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातली. ते आमच्या वाडवडलांचं देऊळ, म्हणून हे पत्र.

जेझुइट पाद्र्यांनी १५७९ साली कोंडिविटे गावात ते बांधलं, बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या नावाने. पुढे साष्टी, म्हणजे हे गाव ज्या बेटावर आहे ते, पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे गेली, मग इंग्रजांकडे. राज्यं बदलली तरी देऊळ गावाचंच राहिलं. ते ओस पडलं १८४० साली, आणि तेही कुणाच्या शापाने नव्हे. रोगाची साथ आली, गाव उठलं आणि मरोळला येऊन वसलं. येताना लोकांनी मूर्ती आणल्या, वेद्या आणल्या, बाप्तिस्म्याचं कुंड आणलं. खांबसुद्धा सोडले नाहीत. ते सगळं मरोळच्या नव्या देवळात लागलं. भुताला राहायला मागे ठेवलंच काय होतं?

१९७३ साली तिथे सीप्झ आलं आणि देऊळ कुंपणाच्या आत गेलं. आता वर्षातून एकदा, मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, तिथे मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक उपासना, होते. डोक्यावर छप्पर नाही, ऊन मे महिन्याचं. म्हाताऱ्या बाया छत्र्या उघडून प्रार्थना म्हणतात. आपल्या वार्ताहराने त्या दिवशी यावं. भूत भेटणार नाही, पण ओळखीपाळखीचे शंभर प्रश्न विचारणारी आमची माणसं नक्की भेटतील.

कस्टमच्या आवारात रोज कुणालाही सोडता येणार नाही, हे आम्हालाही कळतं. रोजची ये-जा आम्ही मागतच नाही. आमचं मागणं एवढंच: पहिलं, पावसाळ्याआधी दर वर्षी भिंतींतली रोपटी काढावीत, कारण मुळं जाडी झाली की चारशे वर्षांचा दगडही सुटतो. दुसरं, मुख्य फाटकाबाहेर, रस्त्यावरून वाचता येईल असा मराठी फलक लावावा. आणि हाच फोटो आपण पुन्हा छापणार असाल, तर त्याखाली १५७९ आणि १८४० ही दोन सालं तेवढी घाला. चार ओळींत सहज मावतील.

आपली,
एक मरोळकर वाचक