डाकोटाची घरघर पुण्यालाही ऐकू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले. तेव्हापासून ‘आमच्या चौकात एक मिग ठेवा’ म्हणणारे बरेच जण भेटतात. भावना चांगलीच आहे. पण चौथऱ्यावर चढवलेल्या विमानाचे पुढे काय होते, तेही आपण पाहतो. उन्हापावसात रंगाचे पोपडे निघतात, टायर बसतात, पंखाखाली कबुतरे घरटी करतात. युद्धात कामी आलेल्या जुन्या विमानाचा खरा मान ते उडते ठेवण्यात आहे. मिगसारखे जेट असे उडवत राहणे अवघड, हे मान्य. पंख्याच्या विमानांचे तसे नाही.

माझे वडील हवाई दलात इंजिन फिटर होते. मी शाळकरी असताना ते पुण्याच्या लोहगाव विमानतळावर लिबरेटर विमानांवर काम करत. दुसऱ्या महायुद्धातले हे चार इंजिनांचे बॉम्बर आपल्याकडे समुद्रावरच्या टेहळणीसाठी वापरत. यांच्या इंजिनात सिलिंडर गोलाकार मांडलेले असतात, त्यामुळे रात्रभर उभ्या राहिलेल्या अशा इंजिनात तेल खालच्या सिलिंडरांत उतरते. तसेच स्टार्ट केले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून सकाळी आधी दोघे-तिघे मिळून पंख्याचे पाते हाताने ओढत आणि इंजिन फिरवून घेत. अडले तर जोर लावायचा नाही, खालचा प्लग काढून तेल वाहू द्यायचे. बाबा हे सांगताना हवेतच पाते ओढून दाखवत, आणि अडण्याची जागा आली की हात थांबवत. कुठे थांबायचे ते त्या हातांना कळत होते.

या लिबरेटरांची गोष्ट पुण्यातही फार जणांना ठाऊक नाही. महायुद्ध संपल्यावर ही विमाने कानपूरजवळ मुद्दाम मोडतोड करून टाकून दिली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या (आजच्या एचएएलच्या) कामगारांनी त्या भंगारातून एकेक उभे केले आणि वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला उडवत नेली. अशी चाळीसएक विमाने आपल्या हवाई दलाला मिळाली आणि १९६८ पर्यंत ती सेवेत राहिली. जगातल्या मोठ्या संग्रहालयांतली काही लिबरेटर आपल्याकडूनच गेलेली आहेत. त्यातले एक १९६९ मध्ये पुण्याहून थेट अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टुसॉनला उडत गेले! आपल्याकडचे एक दिल्लीत पालमच्या संग्रहालयात उभे आहे. वडिलांना घेऊन मी तिथे गेलो होतो. ते पंखाखाली बराच वेळ उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, “पाती कुणी फिरवत नाही वाटतं.”

उडते ठेवणे जमते, याचा पुरावा आपल्याकडेच आहे. डाकोटा म्हणजे महायुद्धाच्या काळातले दोन इंजिनांचे मालवाहू विमान. हवाई दलाच्या ताफ्यात २०१८ पासून ‘परशुराम’ हे डाकोटा आहे. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते इंग्लंडमध्ये दुरुस्त करून हवाई दलाला भेट दिले. त्यांचे वडील डाकोटाचे वैमानिक होते. ही भेट आधी नाकारली गेली होती, मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री झाल्यावर तिला हिरवा कंदील मिळाला. विमानाला व्हीपी ९०५ हा क्रमांक दिला आहे, कारण २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा तो क्रमांक. त्या दिवशी धावपट्टी हातची गेली असती तर काश्मीरचे काय झाले असते, ते वेगळे सांगायला नको. डिसेंबर १९७१ च्या युद्धात आताच्या बांगलादेशातल्या टांगाइलला छत्रीधारी सैनिक उतरवले, त्यातही डाकोटा होती.

धोका आहे, हे मी नाकारत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत डॅलसला महायुद्धातली दोन जुनी विमाने हवेत एकमेकांवर आदळली आणि सहा जण गेले. ब्रिटनचे हवाई दल महायुद्धातली विमाने एका स्मृती-ताफ्यात उडती ठेवते. मे २०२४ मध्ये त्यातले स्पिटफायर हे लढाऊ विमान पडून वैमानिकाचा मृत्यू झाला. म्हणून अशा विमानांनी कसरती करू नयेत, प्रवासी घेऊ नयेत, वर्षात मोजकेच तास उडावे. पण याच कारणाने ती कायमची जमिनीवर बसवणे मला पटत नाही. ब्रिटनचा तो ताफा १९५७ पासून चालू आहे आणि त्याच्या लँकेस्टर बॉम्बरसारखे उडते विमान जगात आणखी एकच आहे, कॅनडात.

माझी हवाई दलाला आणि राज्य सरकारला दोन मागण्यांची विनंती आहे. एक, दरवर्षी २७ ऑक्टोबरच्या सुमारास डाकोटा लोहगावला यावे आणि शाळांच्या मुलांना ते उडताना पाहता यावे. दुसरी मागणी जास्त महत्त्वाची. डाकोटाची आणि लिबरेटरची इंजिने एकाच जातीची, चौदा सिलिंडरांची. त्यांवर काम केलेले फिटर आता ऐंशी-नव्वदीचे आहेत. नाशिकजवळ ओझरला विमानदुरुस्तीचा मोठा डेपो आहे. तिथे आयटीआयची चार-सहा मुले या म्हाताऱ्यांच्या हाताखाली बसवावीत, ते आहेत तोवरच.

वडील आता नाहीत. त्यांची एक वही माझ्याकडे आहे, पेन्सिलीने काढलेल्या सिलिंडरांच्या आकृत्या, शेजारी मराठीत टिपणे आणि पानांवर तेलाची बोटे. जो कुणी अशा इंजिनाला हात घालणार असेल, त्याला ती द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक वाचक, विश्रांतवाडी, पुणे