कुंडीतील कोथिंबीर उपटू नये, खुडावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात कोथिंबिरीची जुडी महागली की घरोघरी कुंडीत धने टाकले जातात आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतूनही माती, खत व ऊन यांविषयी बरीच उपयुक्त माहिती छापून येते. मात्र हाताशी आलेले पीक काढायचे कसे, यावर त्यांत क्वचितच एखादे वाक्य असते. पुण्यातील सदनिकेच्या पूर्वेकडील गॅलरीत गेली काही वर्षे कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता आणि गवती चहा लावत आल्यावर माझे असे मत झाले आहे की, घरची लागवड फसते ती पेरणीपेक्षा काढणीत.

मंडईतील जुडी मुळांसकट येते, कारण शेतकऱ्याला रान मोकळे करून पुढचे पीक घ्यायचे असते. आपण तीच सवय कुंडीला लावतो आणि सव्वा महिना जपलेली रोपे एका दिवसाच्या पोह्यांसाठी उपटून टाकतो. त्याऐवजी रोप वीतभर झाल्यावर बाहेरच्या बाजूची पाने देठासह, मातीपासून दोन बोटे वर कात्रीने कापावीत आणि मधला कोवळा कोंब राहू द्यावा. अशा रीतीने थंडीच्या दिवसांत एकाच पेरणीतून मला दोन-तीन वेळा कोथिंबीर मिळते. उन्हाळ्यात मात्र ती लवकर फुलावर येते, पाने शेपूसारखी बारीक होतात आणि मग कितीही खुडले तरी उपयोग नसतो. तेव्हा तिला खुशाल फुलू द्यावे, कारण हिरवे धने चटणीत फार छान लागतात. एकदम सगळे धने न पेरता दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरणे हाच त्यावर उपाय आहे. धने पेरण्यापूर्वी लाटण्याने हलके रगडून त्यांची दोन दले वेगळी करावीत व रात्रभर भिजवावीत. तरीही उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात, म्हणून चौथ्या दिवशी माती उकरून पाहण्याचा मोह आवरावा. (तो मला अजूनही आवरत नाही.) दुकानात मिळणाऱ्या बियाण्याला पुष्कळदा बुरशीनाशक चोळलेले असते. असे रंगीत बियाणे उरले तर ते स्वयंपाकघरात मुळीच नेऊ नये.

कढीपत्त्याच्या बाबतीत तर आपण अधिकच निर्दय असतो. फोडणी तापली की धावत जाऊन हाताला येईल ते पान ओरबाडायचे, त्याबरोबर सालही सोलून निघते आणि रोप काठीसारखे उंच वाढत राहते. पान ओढण्याऐवजी डहाळीचा शेंडाच कापला, तर खाली दोन-तीन नवे फुटवे येतात आणि झाड डेरेदार होते. त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या येतात, त्या लिंबावरील फुलपाखराच्या असतात. मी त्या हाताने उचलून शेजारच्या कागदी लिंबावर ठेवते. लिंबाची मालकीण याबद्दल काय म्हणते, ते येथे लिहिण्यासारखे नाही.

पुदिना पानापानाने न तोडता पेराच्या, म्हणजे देठावर जिथून पाने फुटतात त्या सांध्याच्या, थोडा वर कापावा. मात्र त्याला स्वतंत्र कुंडी द्यावी, नाहीतर तो शेजाऱ्यांची जागा बळकावतो. गवती चहा वीतभर बुंधा ठेवून कापावा. कोणत्याही रोपाचा एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून अधिक पाला घेऊ नये आणि शक्यतो सकाळी, दव सुकल्यावर व ऊन चढण्यापूर्वी घ्यावा, कारण त्या वेळी पानांचा वास अधिक भरलेला असतो.

आपल्या पुरवणीत लागवडीइतकीच जागा काढणीलाही मिळावी आणि शक्य झाल्यास कात्री नेमकी कोठे लावायची, हे दाखवणारी रेखाटने सोबत छापावीत, ही विनंती. शब्दांत ‘पेराच्या वर’ असे कितीही लिहिले, तरी पेर म्हणजे काय हे माझ्या सुनेला मला फांदी हातात घेऊनच दाखवावे लागले.

आपली नम्र,
एक वाचक, पुणे