जीप चालू झाली, सगळ्यांचे आभार

वडिलांची डिझेल महिंद्रा, जुन्या प्यूजो इंजिनची, कित्येक पावसाळे गोठ्यामागच्या शेडात उभी होती. परवा ती चालू झाली. ज्यांच्यामुळे झाली, त्यातल्या काहींची नावंही मला ठाऊक नाहीत.

गॅरेजवाल्या चाचांनी आधी सेल्फला हातच लावू दिला नाही. क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं, जाम नाही ना हे बघायला. मग टाकी उतरवून तळाचं पाणी आणि काळा गाळ काढला. नवं डिझेल, फिल्टर, ऑइल. (उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हा वेगळाच अध्याय.) खरी कसोटी डिझेलच्या नळ्यांत अडकलेली एअर काढताना. बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारायचा, मग इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलचे नट सैल करून सेल्फ मारायचा, डिझेल आलं की नट आवळायचे. हात भरून आले तरी पंप न सोडणारा तो पोरगा चहाचेही पैसे घेईना!

थंड इंजिनाला ऊब देणारे हीटर प्लग तपासणारे इलेक्ट्रिशियन काका, बॅटरीला जोड देणारे ट्रॅक्टरवाले दादा, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. पांढरा धूर सोडत ती गुरगुरली तेव्हा आई ओसरीवरून धावत आली.

दादा, तुमची जंपर केबल माझ्याकडेच राहिलीय. बाजारच्या दिवशी घेऊन येतो.